सह्याद्रीच्या वाटांचे पुस्तक कसे निवडावे: अधूनमधून डोंगरात जाणाऱ्यांसाठी

गडकिल्ल्यांच्या आणि घाटवाटांच्या पुस्तकांना मराठीत तोटा नाही, तरीही वर्षाकाठी चार-पाच वेळा डोंगरात जाणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा नेमके नको ते पुस्तक पडते. निवडीचा क्रमच उलटा असल्यामुळे असे होते. आधी मुखपृष्ठ पाहिले जाते, मग छायाचित्रे, मग ‘एकूण किती किल्ले’ हा आकडा, आणि वाटेचे वर्णन घरी आल्यावर, कधी कधी तर थेट पायथ्याशी उतरल्यावर. पुढे दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने चढाव्यात. पहिल्या दोन पायऱ्यांतच निम्मी पुस्तके बाद होतात आणि उरलेल्यांसाठी दुकानात अर्धा-पाऊण तास पुरतो.

१. दुकानात जाण्याआधी एक पान लिहून काढावे

पुस्तक आपल्या उपयोगाचे आहे की नाही, हे आधी आपल्यावर ठरते. त्यासाठी पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत: आपण कुठून निघणार, कशाने जाणार (एसटी, लोकल की स्वतःची गाडी), बरोबर कोण असते, आजवर एका दिवसात जास्तीत जास्त किती तास चालून झाले आहे, आणि कोणत्या महिन्यांत जाणे होते. उत्तरे खरी लिहावीत, कारण दुकानात उभे राहिले की प्रत्येकाला पुढच्या वर्षी आपण अलंग-मदन-कुलंग हे अवघड किल्ले करणारच असे वाटू लागते आणि दोर लावून चढायच्या वाटांचे जाडजूड पुस्तक घरी येते.

निघण्याच्या ठिकाणावरून टापू ठरतो. पुण्याहून रविवारी पहाटे निघून रात्री परतणाऱ्याला मावळ, मुळशी, भोर, वेल्हे आणि जुन्नर एवढा भाग कित्येक वर्षे पुरतो. मुंबई-ठाणेकरांचे बरेचसे काम कर्जत, कसारा आणि माळशेजच्या आसपास भागते, तर नाशिककरांच्या दाराशी त्र्यंबकची रांग, सातमाळा आणि साल्हेर-मुल्हेरची सेलबारी-डोलबारी रांग आहे. ज्या टापूत आपण वर्षातून तीनदा तरी जाणार नाही, त्याची पाने आपण फुकट विकत घेत असतो.

आकडेमोड सोपी आहे. तीनशे पानांत दोनशे किल्ले बसवले, की एका किल्ल्याच्या वाट्याला दीड पान येते. त्यातले अर्धे पान इतिहासाने आणि पाव पान छायाचित्राने घेतले, की वाटेसाठी पाऊण पान उरते, आणि पाऊण पानात कोणताही गड चढता येत नाही.

*तपासणी:* पुस्तकाच्या पानांना ठिकाणांच्या संख्येने भागावे. उत्तर चारच्या खाली आले, तर हातात आहे ती यादी आहे. कुठे कुठे जाता येईल हे तिच्यावरून कळेल, पण कसे जायचे ते कळणार नाही.

२. गडपुराण आणि वाटदर्शक यांतला फरक ओळखावा

कोणतेही प्रकरण उघडावे आणि ज्या वाक्याने पाय हलतो असे पहिले वाक्य कुठे येते ते शोधावे. ‘एसटी थांब्यापासून शाळेच्या मागून जाणारी बैलगाडीची वाट धरावी’ हे असे वाक्य आहे. ‘गडाच्या भाळी अनेक रणसंग्राम लिहिलेले होते’ हे नव्हे. पहिले वाक्य तिसऱ्या पानावर सापडत असेल, तर ते पुस्तक घरी आरामखुर्चीत वाचावे. इतिहासाविषयी माझी तक्रार नाही आणि माझ्या कपाटातली निम्मी जागा अशाच पुस्तकांनी अडवली आहे. परंतु डोंगराच्या सोंडेवर वाट फुटलेली असताना किल्लेदाराची वंशावळ उपयोगी पडत नाही.

विशेषणांचाही असाच हिशेब करावा. ‘रौद्र’, ‘बेलाग’, ‘नयनरम्य’ हे शब्द जिथे दाट असतात, तिथे ‘घसारा’ (पाय घसरवणारी सुटी माती-खडी), ‘मुरूम’, ‘ढोरवाट’ (गुरांची वाट), ‘नाळ’ (कड्यांमधली उभी घळ), ‘पदर’ (चढाच्या मध्यावरची सपाटी) हे शब्द बहुधा विरळ असतात. डोंगरात चाललेला लेखक दुसऱ्या जातीचे शब्द वापरल्यावाचून राहू शकत नाही.

३. मुखपृष्ठानंतर थेट आवृत्तीचे पान उघडावे

शीर्षकाच्या मागच्या बाजूला आवृत्त्यांच्या तारखा असतात. इथली नेहमीची चूक म्हणजे शेवटची तारीख पाहून पुस्तक ताजे समजणे. मराठी प्रकाशनात ‘आवृत्ती’ हा शब्द पुष्कळदा केवळ पुन्हा छापण्यालाही वापरला जातो, त्यामुळे ‘पाचवी आवृत्ती’ याचा अर्थ मजकूर पाच वेळा तपासला असा होत नाही. ‘सुधारित’ हा शब्द असला, तरी सुधारणा नेमकी कुठे झाली हे प्रस्तावनेत सांगितलेले असावे. तसे नसेल, तर आपणच आत शिरून काही खुणा तपासाव्यात.

लोहगड-विसापूरचे पान असल्यास पहिली खूण तिथे मिळते. मळवली स्थानकावरून भाजे गावाकडे जाताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुलावरून ओलांडावा लागतो आणि हा मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. वर्णनात त्याचा पत्ताच नसेल, तर लेखक तिथून शेवटचा कधी चालला असेल याचा अंदाज येतो.

दुसरी खूण वासोटा किल्ल्याची. आता तिथे बामणोलीहून शिवसागर जलाशय बोटीने ओलांडून, वनखात्याची परवानगी घेऊन जावे लागते आणि त्याच दिवशी परतावे लागते. जे पुस्तक गडावर मुक्काम करायला सांगते, ते तिथले जंगल व्याघ्र प्रकल्पात येण्याआधीच्या दिवसांत राहिले आहे.

तिसरी खूण लिहिताना हात जड होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली. त्याआधीच्या पुस्तकांत इर्शाळगडाच्या वाटेवरचा विसावा, पाणी आणि वाटाड्या मिळण्याचे ठिकाण म्हणून ही वाडी येते. त्यानंतर छापलेल्या पुस्तकातही ते वाक्य तसेच असेल, तर बाकीच्या पानांवर किती विसंबायचे ते आपण ठरवावे.

२०२४ पासून अहिल्यानगर झालेल्या जिल्ह्याचे जुने नाव आत राहून गेले असेल, तर त्यावरून पुस्तक बाद करू नये, कारण नाव जुने असले तरी वाट बरोबर असू शकते. अशा राहिलेल्या गोष्टी किती आहेत, तेवढे मात्र मोजावे.

*इशारा:* एसटीच्या वेळा छापणारे पुस्तक पहिल्या दिवसापासून शिळे होत असते. कोणत्या आगारातून, कोणत्या फाट्यापर्यंत, दिवसाला साधारण किती गाड्या, आणि शेवटची गाडी चुकली तर काय करावे, एवढे सांगणारे पुस्तक जास्त दिवस टिकते.

४. आपण चढलेल्या गडाचे पान आधी वाचावे

या लेखातले सगळे विसरले तरी ही एक पायरी चुकवू नये. आपण स्वतः, शक्यतो गेल्या वर्षा-दोन वर्षांत, चढलेल्या गडाचे पान उघडावे. दुकानात डोळे मिटून क्षणभर ती वाट आठवावी: कुठे गोंधळ झाला होता, कुठे दम लागला होता, कुठे कोणाला तरी विचारावे लागले होते. मग त्याच तीन ठिकाणी पुस्तक काय म्हणते ते पाहावे. जिथे वाट सरळ आणि मळलेली आहे तिथे कोणीही लिहू शकतो. लेखकाची परीक्षा आपण अडखळलो होतो तिथे होते.

लोहगड-विसापूर बहुतेकांनी केलेला असतो, म्हणून त्यावरच दाखवतो. एक वर्णन असे असू शकते: ‘भाजे गावातून तासाभरात खिंडीत पोहोचता येते. तिथून एका बाजूला लोहगड आणि दुसऱ्या बाजूला विसापूर आहे.’ दुसरे असे: ‘भाज्याहून दक्षिणेकडे चढत गेल्यावर गायमुख खिंड लागते. भाज्याकडून येताना उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, लोहगड आणि डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, विसापूर येतो. पवनेच्या बाजूने येणाऱ्याने हात उलटे धरावेत.’ पहिले वर्णन खोटे नाही. पावसाळी ढगात दोन्ही गड दिसेनासे झाले, की मात्र त्यावरून एक पाऊलही टाकता येत नाही. दुसरे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे की डावे-उजवे चालणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असते, म्हणून त्याने दिशा जोडली आणि उलट बाजूने येणाऱ्याचाही विचार केला.

याच पानावर आणखी तीन प्रश्न विचारावेत. मुंबईहून येणाऱ्याने लोणावळ्याला उतरून पुण्याची लोकल धरायची आणि मळवलीला उतरायचे, हे सांगितले आहे का? लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, त्यामुळे बरोबरच्या वृद्धांना कितपत नेता येईल, याचा उल्लेख आहे का? आणि विसापूरला घळीतल्या पायऱ्यांनी चढताना पावसाळ्यात अंगावर पाणी येते, हे ‘मौज’ म्हणून लिहिले आहे की ‘काळजी’ म्हणून? तिसऱ्या उत्तरावरून लेखक कोणत्या वाचकासाठी लिहितो ते कळते. कॉलेजातल्या पोरांना ती मौज असेल; पहिल्या पायरीतल्या आपल्या पानावर ‘बरोबर आठ वर्षांची मुलगी’ असे लिहिले असेल, तर लेखकाने काळजी करणारा असायला हवे.

*तपासणी:* आपल्याला माहीत असलेल्या वाटेत दोन ठोस चुका सापडल्या, तर पुस्तक खाली ठेवावे. माहीत नसलेल्या वाटांमध्ये त्या निम्म्याने कमी असतील असे मानायला काही कारण नाही.

५. मग न पाहिलेल्या वाटेचे पान, आणि तेही परतीच्या बाजूने

आता ज्या गडावर गेलो नाही त्याचे पान घ्यावे आणि डोळ्यांसमोर वाट उभी राहते का ते पाहावे. पुढच्या गोष्टी पानात सापडायला हव्यात:

* पायथ्याच्या गावाचे नाव आणि तालुका. नुसते ‘ठाकूरवाडी’ पुरत नाही, कारण प्रबळगडाखाली एक ठाकूरवाडी आहे आणि कर्जत तालुक्यातच त्या नावाच्या वाड्या किती तरी आहेत.
* गावातून बाहेर पडण्याची जागा. वाटा सर्वांत जास्त इथेच चुकतात, कारण गुरांच्या, शेताच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा इथेच एकमेकींत मिसळतात.
* प्रत्येक फाट्यावर न बदलणारी खूण. आंब्याचे झाड तोडले जाते आणि झोपडी हलते. ओढा, खिंड, कातळात खोदलेले टाके आणि मंदिर मात्र जागेवर राहते.
* चुकलो हे कसे ओळखावे. ‘ओढा दुसऱ्यांदा लागला, तर आपण खाली उतरू लागलो आहोत’ अशी एक ओळ छायाचित्रांच्या दहा पानांहून मोलाची असते.
* उतरण्याचे वर्णन.

शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण तो मला महागात पडला आहे. एका ऑक्टोबरात आम्ही चौघे खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला गेलो. हातातल्या पुस्तकात चढाईचे वर्णन चोख होते आणि ‘पदरवाडीजवळ शिडी घाटाची वाट येऊन मिळते’ हे वाक्यही त्यात होते. चढताना ते वाचून आम्ही मान डोलावली. उतरताना मात्र त्या वाक्याचा उपयोग होईना, कारण चढणाऱ्याला जिथे दोन वाटा मिळतात तिथेच उतरणाऱ्याला त्या फुटतात, आणि कोणती कुठली हे ओळखण्याची खूण पुस्तकात नव्हती. आम्ही जास्त मळलेली वाट धरली आणि ऊन कलताना शिडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. बरोबर माझी मेहुणी होती. तिने खाली पाहिले, बॅग काढून ठेवली आणि शांतपणे सांगितले की ती इथून उतरणार नाही. परत पदरवाडीपर्यंत चढावे लागले. तिथे अंगणात भांडी घासत असलेल्या मावशी आम्हाला पाहून म्हणाल्या, ‘गणपतीची वाट मागेच राहिली की.’ खांडसला पोहोचलो तेव्हा टॉर्चची बॅटरी संपत आली होती. पुस्तकात चूक अशी एकही नव्हती. लेखक फक्त एकाच बाजूने चालला होता.

*तपासणी:* प्रकरणात ‘उतरताना’, ‘परतताना’, ‘माघारी’ यांपैकी एकही शब्द नसेल, तर पाच प्रकरणे पाहावीत. पाचही तशीच असतील, तर हे पुस्तक वर नेऊन सोडणारे आहे.

६. श्रेणी, उंची आणि वेळ यांचे आकडे पारखावेत

‘सोपा, मध्यम, कठीण’ ही त्रिसूत्री सगळीकडे असते आणि सर्वांत जास्त फसगत तिनेच होते, कारण दमछाक, दरीची भीती आणि वाट चुकण्याची शक्यता या तीन वेगळ्या गोष्टी ती एकाच शब्दात कोंबते. बारी गावातून कळसूबाईला जाताना चढ भरपूर आहे, पण वाट ठळक आहे आणि अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. तिथे लागतो तो दम. हरिहर किल्ल्याचा चढ त्यापेक्षा पुष्कळ कमी, पण शेवटच्या उभ्या कातळपायऱ्यांवर दम शाबूत असलेली माणसेही गोठतात. दोन्हींपुढे ‘मध्यम’ लिहिणारे पुस्तक दोन्हींविषयी काहीच सांगत नाही. नावांवरून तर अजिबात जाऊ नये: पवना धरणाजवळच्या तुंगाला कठीणगड म्हणतात, आणि त्याची वाट उभी असली तरी तासाभरात संपते.

उंचीचा आकडा समुद्रसपाटीपासून दिला असेल, तर आपल्या पायांना त्याचा उपयोग नाही. हरिश्चंद्रगडाची उंची चौदाशे मीटरांच्या थोडी वर, ती सगळ्या पुस्तकांत असते. पण पाचनईहून तो साधारण दोन-अडीच तासांचा आहे, खिरेश्वरहून टोलारखिंडीमार्गे त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने गेल्यास पूर्ण दिवसाचा, कातळटप्प्यांचा आणि जाणकारांसोबतच करण्याचा. एकच उंची आणि तीन निरनिराळे दिवस. पुस्तकाने प्रत्येक वाटेसाठी पायथ्यापासूनचा चढ, अंतर आणि वेळ स्वतंत्र द्यायला हवा.

वेळ खरा आहे का, हे दुकानातच ताडून पाहता येते. नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा असा: दर पाच किलोमीटर चालीला एक तास, अधिक दर सहाशे मीटर चढाला एक तास. बारीहून कळसूबाईचे अंतर सहा-साडेसहा किलोमीटर आणि चढ आठशे मीटरांहून थोडा जास्त धरला, तर सव्वा तास आणि त्यावर एक तास वीस मिनिटे, म्हणजे अडीच तासांच्या किंचित वर उत्तर येते. हे सराव असलेल्या आणि न थांबणाऱ्या माणसाचे झाले. महिनोन्महिने खुर्चीत बसून एका रविवारी डोंगरात जाणाऱ्याने ते दीडपट करावे आणि चार तास धरावेत. पुस्तकात ‘दोन तासांत माथा’ असे असेल, तर लेखकाने स्वतःच्या पायांचा वेळ लिहिला आहे. तसे करणे गुन्हा नाही, पण संबंध पुस्तकात त्याचा वेग सारखा असायला हवा. तीन वाटांवर हा हिशेब करून पाहावा. तिन्ही ठिकाणी आपला वेळ लेखकाच्या दुप्पट येत असेल, तर पुस्तक वापरण्याजोगे आहे, फक्त दुपटीने वाचायचे. एका ठिकाणी दुप्पट आणि दुसऱ्या ठिकाणी निम्मा येत असेल, तर आकडे ऐकीव आहेत.

७. नकाशा: देखणा असण्यापेक्षा प्रामाणिक असावा

मराठी पुस्तकांतले बहुतेक नकाशे हाताने काढलेले असतात आणि त्यात काही वावगे नाही. उत्तर दिशेचा बाण, अंतराचे प्रमाण किंवा निदान टप्प्यांमधले चालीचे वेळ, आणि प्रत्येक फाटा, एवढे त्यात असावे. मजकुरात आलेले प्रत्येक ठिकाण नकाशावर बोट ठेवून शोधावे. खिंड मजकुरात आहे आणि नकाशात नाही, किंवा नकाशात ज्या बाजूला ओढा आहे त्याच्या उलट बाजूला मजकुरात आहे, असे दिसले तर दोन वेगळ्या हातांनी काम केलेले असते आणि कोणीही दोन्ही शेजारी ठेवून वाचलेले नसते.

समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा छापला असेल तर उत्तमच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि लगतच्या दोन रेषांमध्ये वीस मीटरांचा फरक असतो. छपाईत नकाशा लहान करून बसवला असेल, तर हे प्रमाण बदलते; म्हणून नकाशासोबत प्रमाणाची पट्टी छापलेली हवी. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पंधरा मीटरांचा कातळटप्पा अशा दोन रेषांच्या मध्ये सहज लपून जातो. उभा कडा नकाशावर दिसेल, पण तुमच्या आईला मागे फिरवणारा तो पंधरा मीटरांचा तुकडा दिसणार नाही. तो शब्दांतच सांगावा लागतो, आणि त्यासाठीच नकाशा असूनही पुस्तक लागते.

अलीकडे काही पुस्तकांत जीपीएसच्या वाटा उतरवून घेण्यासाठी चौकोनी कोड छापलेले असतात. विकत घेण्याआधी दोन-तीन कोड फोनवर उघडून पाहावेत, कारण छापलेला कोड राहतो आणि त्याच्या पलीकडचे पान नाहीसे होते. उघडले तरी वाट घरूनच फोनमध्ये साठवून न्यावी. घाटमाथ्यावरून कोकणच्या बाजूला उतरू लागले की फोनची रेंज अनेकदा पहिल्या वळणावरच जाते.

८. पाणी, ऋतू आणि परवानगी

‘गडावर पाण्याची टाकी आहेत’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रकरणात सापडते आणि त्याचा अर्थ बहुधा ‘कातळात खोदलेले चौकोनी खड्डे आहेत’ एवढाच असतो. त्यांत पाणी आहे का, ते पिण्याजोगे आहे का, आणि कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. तिन्हींची उत्तरे देणारा लेखक त्या गडावर दिवाळीनंतरही गेला आहे आणि उन्हाळ्याच्या तोंडालाही, हे न सांगता कळते. पहिल्या पायरीतल्या आपल्या पानावर ‘एप्रिल-मे’ असेल, तर पुस्तकातली हीच ओळ सर्वांत आधी शोधावी.

पावसाळ्याविषयी ‘या दिवसांत निसर्ग खुलतो’ यापलीकडे काही आहे का ते पाहावे. कोणता ओढा जोराच्या पावसानंतर ओलांडू नये, कोणत्या कातळावर शेवाळे धरते, कोणत्या सोंडेवर धुक्यात वाट सापडत नाही, हे हवे. धबधबे आणि गडांवर पावसाळ्यात प्रशासनाचे बंदी आदेश निघतात. त्यांच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून पुस्तकाकडून त्या मागू नयेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकर अभयारण्यासारख्या वनखात्याच्या हद्दीत कोणत्या वाटा येतात आणि चौकी कुठे आहे, एवढे मात्र पुस्तकाने सांगायलाच हवे.

९. पैसे देण्याआधी

पुस्तक मधोमध उघडून टेबलावर सपाट पडते का ते पाहावे. डिंकाने चिकटवलेले जाड पुस्तक दोन सहलींत पाने सोडते. सूचीत गडांची पर्यायी नावे हवीत, कारण गावकरी पेठ म्हणतात आणि पुस्तक कोथळीगड, किंवा गावकरी तिकोना म्हणतात आणि पुस्तक वितंडगड. अक्षर चालता चालता वाचता येईल एवढे मोठे असावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी दुकानातच चष्मा काढून पाहावे. जुन्या बाजारात चांगले पुस्तक निम्म्या किमतीत मिळाले तर जरूर घ्यावे, पण तिसरी पायरी तिथे दुप्पट काटेकोरपणे करावी. आधीच्या मालकाने पेन्सिलीने समासात काही लिहिले असेल, तर ते पुस्तक नव्यापेक्षा सरस समजावे.

१०. घेतल्यावर पहिली सहल परीक्षेची

नवे पुस्तक हाती आल्यावर लगेच त्यातला सर्वांत आकर्षक गड गाठणे ही शेवटची चूक. पहिल्यांदा त्यातली छोटी, वस्तीजवळची आणि अर्ध्या दिवसात संपणारी वाट निवडावी. त्या प्रकरणाची छायाप्रत काढून खिशात ठेवावी आणि मूळ पुस्तक बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत घालावे. घरी कोणालातरी गडाचे नाव, पायथ्याचे गाव आणि परतीची वेळ लिहून द्यावी. आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असावा.

पायथ्याच्या गावात पोहोचल्यावर पुस्तकातला मजकूर कोणाला तरी विचारून ताडून घ्यावा, पण प्रश्न नीट विचारावा. ‘ही वाट गडावर जाते ना?’ असे विचारले की समोरचा माणूस भिडेखातर ‘जाते’ म्हणतो, आणि त्याच्या पायांसाठी ती जातेही. ‘गडावर जायला कोणती वाट बरी? पोरंबाळं कोणत्या वाटेने नेता?’ असे विचारावे, आणि उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर त्या दिवसापुरते गावकऱ्याचे ऐकावे.

चालताना प्रत्येक फाट्यावर छायाप्रतीवर वेळ लिहीत जावे: पुस्तकाने चाळीस मिनिटे म्हटले होते, आपल्याला पासष्ट लागली. परत आल्यावर ते आकडे त्याच संध्याकाळी मूळ पुस्तकाच्या समासात उतरवावेत, सोबत तारीख घालावी, आणि बदललेली खूण, आटलेले टाके किंवा नवा रस्ता दिसला असेल तर तेही लिहावे. अशा तीन सहलींनंतर लेखकाचा वेळ आणि आपला वेळ यांचे प्रमाण ठरून जाते. ते पहिल्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या खेपेला निघण्याची वेळ ठरवताना ते आधी डोळ्यांसमोर येईल.